भाडेपट्ट्याच्या मोटारीतून चांदोद-गरुडेश्वर

बडोद्याहून चांदोद अवघे पन्नास किलोमीटर. इतक्याशा जाण्यायेण्याला प्रवास म्हणावे की नाही हाच प्रश्न. त्यावर मासिकाची चार पाने अडवावीत की नाही हा तर त्याहून मोठा. परंतु गेल्या कार्तिकात आम्ही सहकुटुंब चांदोद आणि गरुडेश्वर केले, ते ज्या वाहनातून केले त्याला इंजिन नव्हते, त्याच्या नोंदणीपुस्तिकेत आमच्या घरातील कोणाचेही नाव मालक म्हणून नव्हते, आणि परतीच्या वाटेवर त्याने आम्हांस एका पिठाच्या गिरणीत सव्वादोन तास बसवून ठेवले. एवढे सांगितल्यावर वाचक पुढे वाचतील, अशी आशा आहे.

आमच्या मातोश्रींचे वय चौऱ्याऐंशी. लग्न होऊन त्या बडोद्यास आल्या तेव्हा सासरच्या माणसांबरोबर पहिला प्रवास त्यांनी केला तो प्रतापनगर स्थानकावरून चांदोदपर्यंतचा, अरुंद रुळांच्या आगगाडीने. पुढे १९९८ साली आमच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आम्ही त्याच गाडीने त्याच घाटावर गेलो. मातोश्री मात्र तेव्हाच्या रीतीप्रमाणे घरीच राहिल्या. त्यानंतर सत्तावीस वर्षे त्या चांदोदचे नाव काढीत नव्हत्या. गेल्या वर्षापासून काढू लागल्या. "एकदा चांदोद दाखव, मग मी काही मागायची नाही," असे त्यांनी म्हटले म्हणजे आम्ही "पाहू" म्हणत असू. शाळेत मुख्याध्यापकाच्या तोंडी हा शब्द इतका रुळलेला असतो की घरी तो आपोआप येतो.

अडचण खरी होती. मातोश्रींचे दोन्ही गुडघे गेलेले. भाड्याची जीप सांगावी तर तिच्या पायरीवर त्यांना चढवावयास दोन माणसे लागत. आगगाडी आता रुंद रुळांची आहे, परंतु फलाट, जिने आणि स्थानकापासून घाटापर्यंतचे अंतर हे सारे त्यांच्या आवाक्याबाहेरचे. आमच्या मालकीचे वाहन म्हणजे एक स्कूटर. तीही, सरकारी नोकरीच्या प्रारंभीच्या वर्षांत मिळालेल्या उचलीतून घेतलेल्या पहिल्या स्कूटरची तिसरी पिढी.

अशा स्थितीत आमच्या कन्येने घरात मोटार आणली. कन्या मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात अभियंता आहे. एका संध्याकाळी ती जेवताना म्हणाली, "बाबा, कंपनीची योजना आहे. लीजवर गाडी मिळते. छोटीशी, विजेवरची. घेऊ का?" आम्ही घास हातात धरून विचारले, "लीजवर म्हणजे कोणाची?" ती म्हणाली, "वापरायला आपली." सौभाग्यवतींनी आमटी वाढली. त्या दिवशी विषय तेथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी तिने कागद दाखविले. योजना अशी. मोटार विकत घेते भाडेपट्ट्याचा व्यवहार करणारी एक कंपनी. ती आमच्या कन्येच्या कारखान्याशी करार करते आणि कारखाना मोटार कन्येच्या हाती देतो. मुदत चार वर्षांची. महिना साडेअठरा हजार रुपये तिच्या पगारातून परस्पर कापले जावयाचे, आणि ते प्राप्तिकराची आकारणी होण्याआधीच्या पगारातून. त्यामुळे करात जे वाचते ते धरता तिला प्रत्यक्ष झळ सुमारे पंधरा हजारांची. विमा, देखभाल, टायर यांचा खर्च त्या भाड्यातच. वर्षाला किती किलोमीटर चालवावयाचे याला मर्यादा. चार वर्षे सरल्यावर मोटार परत करावी, अथवा ठरलेली किंमत देऊन ठेवून घ्यावी. परत करताना अंगावर ओरखडा, पोचा असल्यास त्याची भरपाई द्यावयाची. आणि एक कलम अगदी शेवटच्या पानावर, बारीक अक्षरांत: मुदतीच्या आत नोकरी सोडल्यास करार मोडला असे समजून ठरलेली रक्कम भरावी, किंवा नव्या मालकाने तो करार आपल्याकडे घ्यावा.

आम्ही मराठीचे शिक्षक. आमचे लक्ष रकमेआधी शब्दांकडे गेले. 'लीज' या शब्दाला आपल्याकडे प्रतिशब्दांची वाण नाही: भाडेपट्टा आहे, खंड आहे, इजारा आहे, मक्ता आहे. परंतु हे सारे शब्द जमिनीचे. जमीन खंडाने कसावी, बाग मक्त्याने घ्यावी. चार वर्षांत जुनी होऊन जाणाऱ्या, चाकांवर फिरणाऱ्या वस्तूचा इजारा घ्यावा ही कल्पना आपल्या पूर्वजांच्या कोशात नव्हती. त्यांच्या कोशात होती ती उचल. सरकारने आम्हांस स्कूटरसाठी उचल दिली तेव्हा दरमहा पगारातून हप्ता कापला जाई आणि तो फिटला त्या महिन्यात आमच्या वडिलांनी पेढे आणले होते. उचलीला शेवट असतो आणि शेवटी वस्तू आपली होते. येथे शेवटी वस्तू जाते. हा भेद आमच्या मनातून जाईना.

मातोश्रींनी मात्र त्याचा निकाल एका वाक्यात लावला. आमचे बिऱ्हाड पूर्वी दांडिया बाजारात होते. आजोबांनी घेतलेल्या तीन खोल्या, आणि त्यांत तीन पिढ्या भाड्याने राहिल्या. मातोश्री म्हणाल्या, "तुझा जन्म भाड्याच्या खोलीत झाला. तेव्हा कोणी म्हटले नाही की पोर आपले नाही." यावर बोलण्यासारखे काही राहिले नाही.

तथापि हिशेब आम्ही केलाच, पाटीवर केला. मोटारीच्या बॅटरीत १९.२ युनिट वीज मावते. आठ रुपयांचा दर धरला तरी ती एकदा पूर्ण भरावयास दीडशे रुपयांच्या आसपास. कागदावर कारखानदार बराच मोठा पल्ला सांगतात, परंतु तो चाचणीच्या यंत्रावरचा. चार माणसे, वातानुकूलन आणि आपले रस्ते धरता प्रत्यक्षात दीडशे किलोमीटरच्या आसपास मिळतात, असे कन्येच्या सहकाऱ्यांचे सांगणे होते. म्हणजे किलोमीटरला एक रुपया. पेट्रोलची लहान मोटार लिटरला सोळा किलोमीटर चालली आणि लिटरला पंचाण्णव रुपये पडले तर किलोमीटरला सहा रुपयांच्या जवळ. कन्येचे रोजचे जाणेयेणे तीस किलोमीटरचे. बाकीचा हिशेब वाचकांनी करावा. आमच्या सातवीच्या मुलांनी तो फळ्यावर तीन मिनिटांत केला.

स्वस्ताईमागे सरकारचाही हात आहे. विजेच्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर ऑगस्ट २०१९ पासून पाच टक्के आहे. पेट्रोलच्या लहान मोटारींवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये उतरला तरी अठरा टक्क्यांवर आला. गुजरात सरकारने २०२१ च्या धोरणात बॅटरीच्या दर युनिटमागे दहा हजार, चारचाकीला कमाल दीड लाख, असे अनुदान ठेवले होते. त्या धोरणाची चार वर्षांची मुदत २०२५ मध्ये संपली. आणि एक गंमत. मालकाने नोकरास मोटार दिली तर त्या सुखाचे करासाठी मोल किती धरावयाचे, हे प्राप्तिकराचे नियम अनेक वर्षे इंजिन १.६ लिटरच्या आतले की बाहेरचे यावरून ठरवीत आले. आता जिला इंजिनच नाही तिचे माप कसे घ्यावे? कारखान्याच्या लेखा विभागातील गृहस्थ या प्रश्नावर पंधरा दिवस बसून होते म्हणतात.

मोटार आली ती टियागो, साणंदच्या कारखान्यात तयार झालेली, म्हणजे एका अर्थी आमच्या राज्याचीच लेक. तिच्या क्रमांकाची पाटी हिरवी, अक्षरे पांढरी. मातोश्रींनी तिच्या नाकावर कुंकवाने स्वस्तिक रेखावयास घेतले तोच कन्या धावली, "आजी, डाग राहिला तर भरपाई द्यावी लागेल!" मातोश्रींनी मग ओल्या बोटाने, नुसत्या पाण्याचे स्वस्तिक काढले. ते उन्हात वाळून गेले. आसन उंचीला बेताचे असल्याने त्या स्वतःच्या स्वतः आत बसल्या, आणि बसल्या बसल्या म्हणाल्या, "आता चांदोद."

रविवारी पहाटे सहाला निघालो. कन्या चालविणारी, तिच्या शेजारी मातोश्री, मागे सौभाग्यवती, आम्ही आणि दशम्यांचा डबा. बॅटरी शंभर टक्के. या मोटारीचा पहिला अनुभव म्हणजे ती सुरू झाली हे कळत नाही. आम्ही दोनदा विचारले, "लाव ना सुरू," तेव्हा आमच्या घराचे फाटक मागे पडलेले होते.

कपुराईचा चौक ओलांडला की डभोईचा सरळ रस्ता लागतो. दोहो बाजूंस कपाशी, एरंडी, मध्येच केळीचे मळे. तीस किलोमीटरवर डभोई. या गावापाशी आले की बडोदेकर मराठी माणसाने गाडीचा वेग थोडा कमी करावा, असे आमचे मत आहे. १ एप्रिल १७३१ रोजी याच परिसरात पहिल्या बाजीरावांनी सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचा पराभव केला. सेनापती रणांगणावर पडले. मराठ्यांनी मराठ्यांशी केलेली ही लढाई, आणि आमच्या संस्थानाचे मूळपुरुष पिलाजीराव गायकवाड त्या दिवशी दाभाड्यांच्या बाजूने, म्हणजे हरलेल्या बाजूने होते. तरी गुजरातेत पुढे टिकले ते गायकवाडच. इतिहासाचा तास घेताना मुले विचारतात, "सर, मग आपण कोणाच्या बाजूचे?" आम्ही घंटेकडे पाहतो.

डभोईची हिरा भागोळ सकाळच्या उन्हात पाहण्यासारखी. तेराव्या शतकातील वाघेला राजांच्या काळचा हा दरवाजा, त्यावर इंच न इंच कोरीव काम. हिराधर नावाच्या शिल्पकाराची दंतकथा मातोश्रींना पाठ आहे. ती त्यांनी या खेपेलाही सांगितली आणि आम्ही या खेपेलाही प्रथमच ऐकत असल्यासारखे ऐकले.

परंतु आमच्या मते डभोईचे खरे नवल रुळांचे आहे. खंडेराव महाराजांनी १८६२ साली डभोई ते मियागाम असा अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग घातला. हिंदुस्थानातील अरुंद रुळांचा हा पहिला मार्ग. आणि त्यावरून गाड्या ओढीत ते बैल! रूळ इतके हलके की त्या काळचे इंजिन त्यांवर पेलवेना. पुढे भक्कम रूळ आले, बाष्पयंत्रे आली, डभोई हे अरुंद रुळांच्या जाळ्याचे नावाजलेले जंक्शन झाले, फाटा चांदोदपर्यंत गेला, आणि त्याच फाट्यावरून आमच्या मातोश्री नऊवारी सावरीत पहिल्यांदा नर्मदेला गेल्या. "गाडी इतकी हळू," त्या सांगत होत्या, "की तुझे काका वाटेत उतरून बोरे घेऊन परत चढले." ही गोष्ट अरुंद रुळांच्या प्रत्येक गाडीविषयी प्रत्येक घरात सांगतात. तथापि आमच्या काकांच्या बाबतीत ती खरी असावी. त्यांना बोरांचा नाद होता. आता तो मार्ग रुंद झाला आहे आणि पुढे केवडियापर्यंत नेला आहे. १७ जानेवारी २०२१ पासून त्यावर मोठ्या गाड्या धावतात. इंजिनावाचून आरंभ झालेल्या या वाटेवरून आम्ही पुन्हा इंजिनावाचून चाललो होतो. कन्येने हे ऐकले आणि म्हणाली, "बाबा, बैलांना तरी वाटेत चारा मिळत होता." हे बोलणे संध्याकाळी आठवणार होते.

चांदोदला साडेसातला पोचलो. बॅटरी ६६ टक्के. नर्मदेला येथे ओरसंग मिळते आणि तिसरी सरस्वती गुप्त मानतात, म्हणून हा त्रिवेणीसंगम. गुजराती कवी दयाराम यांचे हे जन्मगाव. समोर कर्नाळीस कुबेर भंडारीचे देऊळ. घाटाच्या पायऱ्या पाहून आमच्या छातीत धस्स झाले; परंतु एका नावाड्याने आपल्या साथीदाराला हाक मारली, प्लास्टिकची एक खुर्ची आणली, आणि मातोश्री पालखीत बसाव्यात तशा खाली उतरल्या. नाव संगमापर्यंत गेली. पाणी शांत, हिरवट. मातोश्रींनी विचारले, "कुठे?" आम्हांस कळले. आम्ही हाताने दाखविले. तेथेच, की जरा पलीकडे? सत्तावीस वर्षांत वाळूचे पट्टे हलतात. त्यांनी ओंजळभर पाणी घेतले, पुन्हा सोडले, आणि काही न बोलता बाटली भरून घेतली.

परत घाटावर आल्यावर सौभाग्यवती दशम्या काढू लागल्या, तेव्हा कन्या पायरीवर आमच्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "बाबा, पंधरा दिवस झाले सांगेन सांगेन म्हणते आहे. आमचा विभाग चेन्नईला हलवणार आहेत. मार्चपर्यंत. जायचे किंवा सोडायचे." आम्ही विचारले, "मग?" ती म्हणाली, "मला जायचे नाही. आजी आहे, तुम्ही पुढच्या वर्षी निवृत्त होता. इथेच दुसरीकडे अर्ज केला आहे. पण सोडली तर गाडी परत द्यावी लागेल. वर ऐंशी हजार भरावे लागतील." शेवटच्या पानावरचे ते कलम आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. आम्ही त्याच्याखाली पेन्सिलीने रेघ मारली होती, आणि रेघ मारून सही करू दिली होती. पंचवीस वर्षे दुसऱ्यांच्या मुलांना 'वाचून सही करा' असे सांगत आलेल्या माणसाने!

मातोश्री खुर्चीवर बसलेल्या, पाठ आमच्याकडे. त्यांना कमी ऐकू येते असा आमचा समज आहे. त्या न वळता म्हणाल्या, "किती म्हणालीस?"

"ऐंशी हजार, आजी."

त्यांनी मनगट वर केले. "या पाटल्या आहेत."

कन्येला हसू आले आणि ते हसू अर्ध्यावर मोडले. ती उठून आजीच्या पायांशी जाऊन बसली. सौभाग्यवतींनी दशमीवर दही घातले आणि सर्वांच्या हातांत एकेक दिली. त्या दशम्यांची चव कशी होती, हे आम्हांस सांगता यावयाचे नाही.

चांदोदहून गरुडेश्वर सुमारे पंचेचाळीस किलोमीटर. रस्ता हळूहळू टेकड्यांत शिरतो, शेते लहान होतात, साग दिसू लागतो. उतारावर पाय काढला की ही मोटार स्वतःच मंदावते आणि त्या मंदावण्यातून थोडी वीज पुन्हा साठविते; आकडा कधी कधी एकाने वाढतो. मातोश्रींना हे फार आवडले. प्रत्येक उताराला त्या विचारीत, "भरली का?"

गरुडेश्वर म्हणजे प.प. वासुदेवानंद सरस्वती टेंब्ये स्वामींचे समाधिस्थान. सावंतवाडीजवळच्या माणगावात १८५४ साली जन्मलेला हा संन्यासी पायी भारतभर फिरला आणि १९१४ साली येथे नर्मदातीरी समाधिस्थ झाला. कोकणातील ब्राह्मणाने गुजरातेतील नदीकाठ अखेरचा म्हणून निवडावा, आणि गोध्र्याच्या मराठी कुटुंबातील त्याचे शिष्य रंगावधूत महाराज यांनी नारेश्वरास राहून गुजरातीत दत्तबावनी रचावी, यात आम्हां बडोदेकरांची सारी कुंडली आली. आमच्या शेजारच्या गुजराती भगिनी दर गुरुवारी दत्तबावनी म्हणतात. आमच्या घरी त्याच दिवशी करुणात्रिपदी होते. भिंत एकच आहे. मंदिरात दर्शन झाले, प्रसाद झाला. खाली नदीचे पात्र बंधाऱ्यामुळे तुडुंब दिसते, आणि काही मैल वर सरदार सरोवराची भिंत आहे, १३८.६८ मीटर उंचीची. तिच्यामागे किती गावे आणि किती घाट पाण्याखाली गेले, हे नर्मदेच्या काठी आलेल्या माणसाने विसरू नये; आमच्या गावच्या नळाला येणारे पाणी त्याच नदीचे, म्हणून तर मुळीच विसरू नये.

येथे एक चूक झाली. बॅटरी ३६ टक्क्यांवर आली होती. बारा किलोमीटरवर केवडिया, म्हणजे आताचे एकतानगर. जून २०२१ मध्ये पंतप्रधानांनी हे गाव केवळ विजेच्या वाहनांचे करण्याची घोषणा केली. तेथे स्त्रिया चालवीत असलेल्या विजेच्या रिक्षा धावतात. वीज भरावयाची तर तेथे जावे, हे उघड होते. परंतु मातोश्री थकल्या होत्या. "दत्त पाहिला. आता पुतळा नको," त्या म्हणाल्या. आणि कन्येच्या फोनवर परतीच्या रस्त्यालाच, वीस किलोमीटरवर, भरणकेंद्राची हिरवी खूण दिसत होती. आम्ही तिकडे वळलो.

केंद्र होते. खांब होता, तार होती, पडदा होता. पडद्यावर काही नव्हते. आसपास कोणी माणूस नाही. खांबावरच्या क्रमांकावर फोन केला तेव्हा एक गोड आवाज बराच वेळ आमची प्रतीक्षा महत्त्वाची असल्याचे सांगत राहिला. दुपारचे अडीच. बॅटरी २२ टक्के, म्हणजे फार तर तेहेतीस किलोमीटर. बडोदे पासष्ट. मागे केवडिया बत्तीस, वाटेत चढ. म्हणजे पुढे जाता येत नाही आणि मागे जाण्याची खात्री नाही. कन्येचा चेहरा उतरला. आम्ही काही बोललो नाही. परंतु न बोलण्याचेही प्रकार असतात, आणि आमचा प्रकार त्या वेळी बरा नव्हता. "तुम्हांला पहिल्यापासून नकोच होती ना ही गाडी," ती म्हणाली. सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही मोटारीतून उतरून रस्त्यावर दहा पावले चालत गेलो.

तेथून ऐकू आली ती गिरणी. पिठाच्या गिरणीचा तो पट्ट्याचा फट्फट् आवाज ज्याने लहानपणी डोक्यावर डबा घेऊन ऐकला आहे त्याला तो मैलावरून कळतो. आणि गिरणी आहे तेथे मोठ्या भाराची वीज आहे! सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, चिंचेखाली, पत्र्याचे छप्पर. मालक पन्नाशीचे, भुवयांवर पीठ. आम्ही गुजरातीत सारे निवेदन केले. त्यांनी मोटारीकडे पाहिले, मग मातोश्रींकडे, आणि म्हणाले, "पहेलां बा ने अंदर बेसाडो."

मोटारीबरोबर मिळालेली तार सोळा अँपिअरच्या साध्या खुंटीत लागते. कन्येने ती लावली. तारेवरच्या डबीत लाल दिवा लागला. काढून पुन्हा लावली, पुन्हा लाल. ती म्हणाली, "अर्थिंग नीट नाही. जमिनीची जोडणी नसेल तर ही वीज घेतच नाही." मालकांनी हे ऐकले, भिंतीमागे गेले, आणि म्हणाले, "सुकाई गयुं छे." गिरणीची भूमिजोडणी मागच्या खड्ड्यात होती, मीठ आणि कोळसा घालून पुरलेली, आणि पावसाळा संपल्यापासून कोरडी पडलेली. त्यांनी एक बादली पाणी ओतले. दुसरी ओतली. मग आत येऊन मूठभर खडेमीठ घेऊन गेले आणि तिसरी ओतली. कन्येने तार लावली. दिवा हिरवा झाला. मातोश्रींनी हात जोडले. कोणाला, ते कळले नाही.

तासाला चौदा टक्के. आम्ही बसलो. बाया बाजरी, मका घेऊन येत, मोटारीच्या शेपटीला लागलेली तार पाहत आणि तोंडावर पदर घेऊन हसत. एकीने विचारले, "आ पण दळाय छे?" मालकांचा मुलगा नववीत शिकत होता, त्याला आम्ही समीकरणे सोडवून दिली, कारण शिक्षकाला दोन तास रिकामे बसता येत नाही. त्या वेळात कन्या आमच्या शेजारी पोत्यावर येऊन बसली. आम्ही तिला सांगितले की त्या कलमाखाली पेन्सिलीची रेघ आमची होती. ती म्हणाली, "मला माहीत आहे. मी रेघ पाहूनच सही केली." मग थोड्या वेळाने, "स्कूटरची उचल घेतलीत तेव्हा तुम्ही तरी कुठे सगळे वाचले होते?" वाचले नव्हते, हे खरे.

पावणेपाचला बॅटरी ५३ टक्के झाली. मालकांनी मीटर पाहून सात युनिट सांगितले. आम्ही दोनशे रुपये काढले. त्यांनी छप्पन्न घेतले, चार रुपये सुटे नव्हते म्हणून साठ घेतले, आणि चाराबद्दल मातोश्रींच्या हाती बाजरीच्या ताज्या पिठाची पुडी दिली.

वातानुकूलन बंद ठेवून, खिडक्या उघड्या टाकून, पन्नासच्या वेगाने आलो. डभोईला अंधार पडला. मातोश्रींना झोप लागली होती, बाटली मांडीवर. कपुराईच्या चौकात आकडा अकरा, फाटकाशी नऊ. कन्येने तार लावली, डबीत हिरवा दिवा लागला आणि ती क्षणभर तेथेच उभी राहिली.

हे लिहीत असता डिसेंबर लागला आहे. मांजलपूरच्या एका कारखान्यात तिची मुलाखत झाली. ते घेतील असे वाटते. भाडेपट्टा आपल्याकडे घेतील की नाही, याचे पत्र यावयाचे आहे. पाटल्या मातोश्रींच्या हातात आहेत आणि त्या विषयावर घरात कोणी बोलत नाही. त्यांनी मात्र, पुन्हा काही मागणार नाही या शब्दाला न जागता, नारेश्वरचे नाव काढले आहे. नारेश्वर साठ किलोमीटर. जाऊन येऊन एकशेवीस, आणि मोटार दीडशे जाते. पाटीवर हिशेब केला आहे. वाटेत गिरणी लागणार नाही.